बंद पंपाशेजारची विहीर

मंगळवार, संध्याकाळ. पांढरकवडा

बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरच्या बोअरचं पाणी आज पुन्हा तपासणीसाठी बाटल्यांत भरलं. वर तेलाचा तवंग, पेट्रोलचा वास. शेजारच्या कमलाबाईंच्या विहिरीलाही तोच वास. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही." मागच्या नमुन्यांचाच रिपोर्ट अजून आला नाही! माझं नाक काय खोटं बोलतं? हाताचा वास साबणानंही जात नाहीये.

शेवटी राहवलं नाही. "मावशी, हे पाणी पिऊ नका."

कमलाबाईंनी भरलेली घागर तिथंच उपडी केली. मग म्हणाल्या, "तू तं दर महिन्याले बाटल्या भरून नेतं, बाई. मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले.