मोठतोंड्या, लहानतोंड्या आणि ठिपक्या

ता. ४ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. तुझ्या नातीचा पुढचा दात पडला, त्यामुळे सध्या हसणं बंद आहे.

आता मुद्द्याचं. तळ्यावरच्या रखवालदाराचा फोन आला होता. तळ्याचा नियम असा की बास मासा धरून घरी न्यायचा तर फक्त मोठ्या तोंडाचा, आणि तुझ्या टोपलीत निघाला लहान तोंडाचा! जन्म त्या तळ्यावर काढून तुला फरक दिसला नाही, म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच खरं. डोळे गेले, आई. अशा डोळ्यांनी एकटीने होडीत जाणं बंद. होडीला गिऱ्हाईक बघितलंय. तू इकडे राहायला ये.

रागावलीस तरी चालेल, पण माया असू दे.

तुझा,
धाकटा

ता. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारणीने वाचून दाखवलं आणि हेही तीच लिहून घेते आहे. माझ्या शिव्या ती गाळते, तेवढ्या तू मनाने घालून घे.

डोळे गेले, कबूल. अक्कल गेली असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं? त्या दिवशी मी नजरेवर विसंबले, तिथे फसले. आता बोटांनी बघते. माशाचं तोंड मिटायचं आणि जबड्याचं टोक चाचपायचं. डोळ्याच्या मागे गेलं तर मोठतोंड्या, डोळ्याखालीच थांबलं तर लहानतोंड्या. तिसरा बास, ठिपक्या, तेवढा लबाड. तोंड लहानच, पण जिभेवर बोट फिरवलं की कानस लागते. तुझ्या बाबांना त्याच्या तोंडात बोट घालायची भीती वाटायची. मला कधीच वाटली नाही. रखवालदारासमोर टोपलीभर ओळखून दाखवले, त्याचं समाधान झालं. तुझं व्हायचं राहिलंय.

होडीचे कागद तुझ्या नावावर आहेत, खुशाल विक. पण मी येणार नाही. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय नळाचं पाणी बघू?

सूनबाईला आशीर्वाद. तुला द्यावेत की नाही, विचार करते आहे.

तुझी,
आई

ता. २० एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

होडी विकली. घेणारे बेकरीवाले होते, आता निवृत्त झालेत. माणूस भला आहे. रविवारी तुला न्यायला येतो, सामान बांधून ठेव. हट्ट पुरे झाला. तू एकटी पाण्यात आहेस या विचाराने मला इथे झोप लागत नाही.

लोभ कमी करू नकोस.

धाकटा

ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (दिले शेवटी.)

रविवारी जेवायला ये, न्यायला नको. तुझा बेकरीवाला खरंच भला निघाला. हात दणकट, नजर शाबूत, पण माशातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्याच दिवशी एक मासा छातीशी धरून माझ्या दारात आला आणि विचारू लागला, की बाई, हा घरी न्यायचा की सोडायचा? मी जिभेवर बोट फिरवलं, कानस लागली, आणि त्याला तो परत पाण्यात सोडायला पिटाळलं.

तेव्हापासून रोज सकाळी वल्ही तो मारतो आणि मी पुढे बसते. मासा आधी माझ्या हातात येतो, मग त्याचं काय करायचं ते ठरतं. एकटी जाऊ नकोस म्हणालास ना? जात नाही. आता नीट झोपत जा.

होडी विकलीस, बरं केलंस. फक्त तिच्यात तुझी आई बसलेली आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायला विसरलास.

नातीला पापा. माया आहे तशीच आहे, तुझ्याकडची आटू देऊ नकोस.

तुझी,
आई