वापर: खाजगी

बाबा, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. मी हल्ली काय काम करते हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी ते सांगते. अलिबागला एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धी जागा भाड्याने घेतली आहे, तिथे बसून मी गाड्यांचे विमे काढते. जास्त करून मोटरसायकली आणि स्कूटरच. एक टेबल, एक कॉम्प्युटर, समोर दोन खुर्च्या. तुम्ही हसला असता. तुमच्या लेखी विमा म्हणजे पोलिसाने हात दाखवला की सीटखालून काढायचा कागद, बाकी त्याला काही किंमत नाही. पण मला हे काम येतं, बाबा. माणूस खुर्चीत टेकतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "मॅडम, सगळ्यात स्वस्तातला सांगा." मग मी स्क्रीन त्याच्याकडे वळवते आणि सावकाश सांगते. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाचं काही झालं तर त्याच्यासाठी. हा कायद्याने काढावाच लागतो आणि त्याचा दर सगळीकडे सारखा. फुल इन्शुरन्स घेतला तर तुमची गाडीही त्यात आली, पडली, जळली, चोरीला गेली, पुरात बुडाली तरी. कंपनीकंपनीत फरक पडतो तो इथे. चालवणाऱ्याचा स्वतःचा वेगळा, मागे बसणाऱ्याचा वेगळा. "मागे कोण बसतं?" हे मी प्रत्येकाला विचारते. परवा सरकारी दवाखान्यातली एक नर्स आली होती, ती म्हणाली, "आई." आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "तोही लावा." हा प्रश्न मी तुमच्याकडूनच उचलला. गाडीला हात लावण्याआधी तुम्ही विचारायचात, कोण चालवतं, कुठे नेतं, मागे कोण असतं.

किहीमच्या फाट्यावरचं आपलं गॅरेज आठवलं की मला तो एकच दिवस आठवतो. मी सोळा वर्षांची, दहावीची सुट्टी. तुम्ही जेवायला घरी गेला आहात आणि मला टेबलाशी बसवलं आहे. एक गिऱ्हाईक घाईत येतं, गाडी झाली का विचारतं. झालेली असते, फक्त मागच्या ब्रेकचं काम राहिलेलं असतं, पण मला ते माहीत असूनही मी किल्ली देते, कारण तो माणूस सारखा घड्याळ बघतोय आणि मला त्याच्याशी वाद घालायला लाज वाटतेय. तुम्ही परत येता. गाडी दिसत नाही. तुम्ही सायकल काढता आणि भर उन्हात चोंढीच्या दिशेने निघून जाता. दीड तासाने येता ते त्याची गाडी ढकलत, तो मागून तुमची सायकल घेऊन. माणूस चिडलेला. त्याच्यादेखत तुम्ही माझा हात धरून ब्रेकच्या पॅडलवर ठेवलात आणि म्हणालात, "दाब. लागतोय काही? न्हाय ना? तुला ठाव व्हतं का न्हाय?" मी मान खाली घातली. "ठाव व्हतं," तुम्ही म्हणालात. "न कळता चुकली असतीस तर मी बोललो नसतो." त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्हीही जेवला नाहीत, हे मला आईने नंतर सांगितलं.

तुमच्यामागे गॅरेज धाकट्याने चालवलं. हात त्याचा तुमच्यासारखाच आहे, पण हल्ली लोक शोरूमकडेच सर्व्हिसिंगला नेतात. आई गेल्यावर तर तो दिवस दिवस रिकामा बसून असायचा. तीन वर्षांपूर्वी एके सकाळी तो माझ्याकडे आला, तोंडावर हसू मावत नव्हतं. टेबलावर पाच गाड्यांची कागदपत्रं ठेवली.

"ताई, जुन्याच हायत, पन इंजिन एकदम ओके. शनिवार-रविवार बोटीनं पब्लिक येतं ना, त्यांना फिरायला गाडी पायजे. मी भाड्यानं देनार. पाचही गाड्यांचा इन्शुरन्स काढ. एकदम स्वस्तातला."

मी त्याला समजावलं. भाड्याने द्यायच्या गाड्यांची नोंदणी वेगळी, पाटी वेगळी, परवाना लागतो, आणि विमाही त्या वापराचा काढावा लागतो. तो महाग पडतो. खाजगी म्हणून काढला आणि गाडी भाड्याने फिरताना सापडली, तर कंपनी हात वर करते.

"अख्ख्या किनाऱ्यावर कोन काढतो तसा? एकाचं नाव सांग," तो म्हणाला. "तू खाजगी लिही."

"आणि काही झालं तर?"

"काय होतंय? आपन गॅरेजवाल्याची पोरं."

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, वाहनाचा वापर. त्यात मी खाजगी निवडलं. पाच गाड्या, पाच वेळा. नुसता थर्ड पार्टी. स्वतःच्या मनाची समजूत मी अशी घातली की त्याच्या गाड्यांचं काय व्हायचं ते होवो, निदान दुसऱ्या माणसासाठी तरी विमा आहे. बाबा, त्या दुसऱ्या माणसाचाच विमा मी त्या एका शब्दाने पोकळ करत होते, आणि हे मला त्या खुर्चीत बसूनच कळत होतं. तो जाताना मला म्हणाला, "तू हायस म्हनून बरं."

तेव्हापासून शनिवार आला की माझं लक्ष रस्त्याकडे लागायचं. काउंटरसमोरच्या रस्त्याने आमच्या गाड्या जाताना दिसायच्या. अर्ध्या चड्डीतली मुलं, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, मागच्याच्या हातात मोबाइल. मी मनातल्या मनात पाच मोजायची आणि रविवारी संध्याकाळी पाच परत आल्या का, असा त्याला फोन करायची. एकदा एकजण आरसा फोडून आला. एकदा दोघांनी गाडी ओल्या वाळूत नेली, ती रुतली, आणि भरतीचं पाणी चाकाच्या आसापर्यंत येईतो ते किनाऱ्यावर उभे राहून व्हिडिओ काढत होते. धाकटा पाण्यात शिरून गाडी बाहेर काढत होता आणि हसत होता. "ताई, समुद्राचा काढतात का गं इन्शुरन्स?" मला हसू आलं नाही. एक मुलगी गुडघा सोलून घेऊन आली, मलम लावून बोटीने निघून गेली. दर वेळी थोडंसंच काहीतरी व्हायचं, आणि दर वेळी ते आधीच्यापेक्षा जरा जास्त असायचं. त्याला वाटायचं, बघ, काही झालं नाही. मला वाटायचं, काहीतरी आपल्याकडे पायरी पायरीने चढून येतंय.

मी शुक्रवारी काउंटर बंद करून गॅरेजवर जायला लागले. पाचही गाड्यांचे ब्रेक स्वतः दाबून बघायची. पुढच्याच एप्रिलमध्ये एका शुक्रवारी लाल गाडीच्या पुढच्या ब्रेकचा दांडा माझ्या मुठीत सरळ हँडलला जाऊन टेकला.

"हा लागतच नाहीये," मी म्हटलं.

"ब्रेकचे शू मागवलेत. मंगळवारी येतील."

"मग ही देऊ नको."

"बरं."

शनिवारी दुपारी लाल गाडी माझ्या दारावरून गेली. पुढे एक मुलगा, मागे त्याची बायको असावी, तिच्या मांडीवर नारळाच्या पाण्याची पिशवी. मी धाकट्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन बसलं, "मॅडम, स्वस्तातला सांगा," म्हणालं, आणि मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. गाडी किहीमकडेच चालली होती. रिक्षा केली असती तर पंधरा मिनिटांत गाठली असती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी अकराच्या सुमाराला, ती लाल गाडी फाट्याजवळच्या वळणावर कांदेवाल्या काकूंच्या अंगावर गेली. आपल्याच आळीतल्या काकू. त्या दिवसांत त्या रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून पांढऱ्या कांद्याच्या माळा विकतात, तुम्ही असल्यापासून. जोडपं शेजारच्या शेतात पडलं, त्यांना खरचटलं. काकूंचा डावा पाय गाडी आणि दगडाच्या मध्ये सापडला. तो मुलगा रडत एकच सांगत होता, ब्रेक दाबला, लागलाच नाही. काकूंना पनवेलला हलवलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "माझ्या माळा कुनी उचलल्या गं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं. त्या दुपारी मी वळणावर गेले तेव्हा ताडपत्रीवर एकही माळ उरली नव्हती. ज्याच्या हाताला लागली त्याने उचलली होती.

चार आठवड्यांनी विमा कंपनीचा तपासनीस आला. सभ्य, हळू बोलणारा माणूस. धाकटा आदल्याच दिवशी येऊन गेला होता. "मित्राला नुसती फिरायला दिलेली, असं आपन सांगू. तूपन तेच सांग. काकूंना पैसे मिळतील, कुनाचंच वाईट होनार न्हाय." पण त्या मुलाच्या फोनमध्ये भाडं दिल्याचा मेसेज होता. तपासनीसाने तो मला दाखवला आणि विचारलं, "गाड्या भाड्याने देणार आहेत, हे पॉलिसी काढताना तुम्हाला माहीत होतं?"

झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मला आठवतं, मी ते थांबायची वाट बघितली.

"नाही," मी म्हटलं. "त्याने मला खाजगी वापर सांगितला, मी तसं लिहिलं. भाड्याने देतो हे मला नंतर समजलं." त्याने ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी खाली सही केली. ब्रेकचं त्याने विचारलं नाही. मीही काढलं नाही.

खोटं सांगून भावाला वाचवलं असतं तर निदान ते खोटं तरी भावासाठी झालं असतं. मी खरं सांगितलं ते त्याच्यापुरतं, आणि खोटं सांगितलं ते माझ्यापुरतं. कोर्टाने कंपनीला सांगितलं, आधी या बाईंना भरपाई द्या आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करा. काकूंना पैसे मिळाले. त्यांना नवा पाय बसवलाय, या वर्षी त्या पुन्हा वळणावर बसल्या, सून मदतीला असते. धाकट्याच्या पाचही गाड्या त्या वसुलीत गेल्या. आता गॅरेजच्या जागेवर नोटीस आली आहे. गावात लोक म्हणतात, बहीण असावी तर अशी, सख्ख्या भावाला पाठीशी घातलं नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक वाढलंय, बाबा. "तुम्ही सरळ आहात असं ऐकलं," म्हणून लांब पालीहूनसुद्धा लोक येतात.

आणि मला आधीपासून सगळं ठाऊक होतं, हे धाकट्याने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्याच्या वकिलालाही नाही. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, पण माझ्याविरुद्धही बोलला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

या सोमवारी तो काउंटरवर आला. दाढी वाढलेली. कामाला जायला एक जुनी गाडी घेतली आहे, एका कंपनीत रखवालदार म्हणून जातो. खुर्चीवर बसला आणि कागद पुढे केले. काय करावं सुचेना, म्हणून मी स्क्रीन वळवली आणि इतरांना सांगते तसं सगळं सांगत गेले. हा नुसता थर्ड पार्टी, हा फुल, ह्या कंपनीचा थोडा महाग पण क्लेम लवकर देते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तो ऐकत होता. मग तो रकाना आला आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "वापर?"

"तुला ठाव हाय काय लिहायचं," तो म्हणाला.

मी लिहिलं. कागद छापून येत असताना तो खिडकीकडे बघत म्हणाला, "गुरुवारी वसुलीच्या केसमदी माझा जबाब हाय. वकील इचारतो, फॉर्म कुनी भरला, कुनाला काय काय ठाव व्हतं."

"मग तू काय सांगणार?"

तो उठला, हेल्मेट घातलं. काचेमागे त्याचे डोळे मला नीट दिसेनात. "बघू," म्हणाला, आणि पॉलिसी तशीच टेबलावर ठेवून निघून गेला. ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून दारासमोर कुठलीही मोटरसायकल थांबली की माझा हात कीबोर्डवर थबकतो. काल दिवसभरात किती गाड्या थांबल्या, मी सांगू शकते.

आज बुधवार. दुकान उघडून बसले आहे, पण सकाळपासून एकही पॉलिसी काढलेली नाही, हेच लिहीत बसले आहे. उद्या अकराला तो कोर्टात उभा राहील. मी आधी जाऊन सांगावं, त्याच्या वकिलाला, त्या तपासनीसाला, नाहीतर काकूंना तरी, असं मघापासून दहा वेळा मनात येऊन गेलं. मी उठले नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घरीसुद्धा न्यायचं नाही. संध्याकाळी निघताना फाडून टाकीन.

एवढंच कबूल करते, बाबा. तुम्ही जिवंत असता आणि मला समोर बसवून विचारलं असतंत, तर तुम्हालाही मी हेच सांगितलं असतं, की धाकटा मला काही बोलला नव्हता. आणि तुम्ही माझंच खरं मानलं असतंत.