अण्णारावच्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी
पुन्हा चिठ्ठी! पुढारी अण्णाराव कन्नड शाळेत शिकलेला, चिंताकीचे पाद्रीअय्या मराठी वाचतेत. म्हणून अण्णारावनं बोलायचं, मी लिहायचं, मीच गाडीवर नेऊन द्यायचं. ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीवर ह्याला दुकानं बांधायचीत. पाद्रीअय्यांनी कोर्टात केस घातलीय. आज लिहिलो — "केस काढून घ्या, गावाबाहेर दुप्पट जागा देतो."
वाटेत जनवाड्याला भजी खाल्लो. एकजण बकरी विकायलाय, भाव ऐकत बसलो — मला घ्यायची थोडीच होती!
पाद्रीअय्या वाचून हसले. "पुरलेल्यांना विचारून कळवतो म्हणावं."

४ फेब्रुवारी
उत्तर सांगितलो. अण्णाराव — "म्हातारं माजलंय!"

११ फेब्रुवारी
आजची चिठ्ठी वाईट. "केस काढली न्हाई तर चर्चला कुलूप. तुमच्यावर धर्मांतराची केस. साक्षीदार तयार हाईत."
"कुणाचं धर्मांतर केले, अण्णा?"
"गप लिही."
लिहिलो. सही मागितलो. "सही कामून रे? म्हातारं ओळखतंय की मला."
चिठ्ठी नेऊन दिलो. पाद्रीअय्यांच्या बायकोनं, अक्कानं, भाकरी अन् पुंडीची, म्हंजे अंबाडीची, भाजी वाढली. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो.

१२ फेब्रुवारी
कुठंच गेलो न्हाई. मी! कुठंच!

१९ फेब्रुवारी
पाद्रीअय्यांच्या वकिलानं चिठ्ठ्या कोर्टात दिल्या. अण्णाराव साफ फिरला — "माझी सही कुठं हाय?"
सरळ चिंताकी गाठलो. साक्ष देतो म्हणलो. पाद्रीअय्या म्हणले, "अक्षर तुझं हाय लेकरा, तूच अडकशील. हैदराबादला जा कामाला. मी तुझं नाव घेत न्हाई."
परत येताना अण्णारावचा फोन. "रवी, हैदराबादला जातोस का? सगळं मी बघतो."
दोघंबी मला हैदराबादलाच धाडायलेत! न्हाई जात. आजवर माझ्या मनानं भटकलो. कुणी हाकललं म्हणून जायचं न्हाई!

२६ फेब्रुवारी
साक्ष दिलो. "अक्षर कुणाचं?" माझं! "शब्द कुणाचे?" बोट केलो — अण्णारावकडं. जजसाहेब म्हणले, "तुझ्यावरबी गुन्हा होऊ शकतो. विचार कर. पुढं बोलायचं का?"
"पाणी द्या साहेब," म्हणलो. "लई सांगायचं हाय."

२८ फेब्रुवारी
चिठ्ठ्यांवरून पोलिसांनी ठाण्यात मला अन् अण्णारावला, दोघांनाबी बोलावले. आधी मला आत घेतले. बाहेर आलो तर अण्णाराव बाकावर, एकटाच. माझी बाही धरला. हळूच म्हणला, "रवीअप्पा, आत काय सांगितलास, तेवढं तरी सांग की."
न्हाई सांगितलो!