मुठीवर तळहात

३ नोव्हेंबर, सोमवार
तायक्वांदोचा नवा पॅटर्न मिळाला, ठरलेल्या हालचालींची नवी मालिका! वॉन-ह्यो. ग्रीन बेल्ट आल्यापासून डोळे लावून बसले होते. साहू सर प्रत्येक पॅटर्नचा अर्थ आधी सांगतात, मग हात-पाय हलवू देतात. पहिला आकाश आणि पृथ्वीचा होता, नंतर एका राजाचा, मग एका स्वातंत्र्यसैनिकाचा. आणि हा एका बौद्ध भिक्खूचा! कोरियातल्या एका राज्यात धम्म नेणाऱ्याचा. तेलीबांध्याच्या सामुदायिक भवनात, खडखडणाऱ्या पंख्याखाली, आपल्याला भिक्खू भेटेल असं कुठे वाटलं होतं. अंगावर काटाच आला.
सुरुवात वेगळी आहे. पाय जुळवून उभं राहायचं, उजवी मूठ तोंडासमोर, तिच्यावर डावा तळहात. सर म्हणाले, दीदी, टेस्टमध्ये अर्थही बोलावा लागेल. बोलेन की!
पंडरीतल्या घरापर्यंत हेल्मेटच्या आत गाणं म्हणत आले.

४ नोव्हेंबर, मंगळ.
मामाजींना हे भिक्खूचं सांगू का? सासरे म्हणून वाईट माणूस नाही. लग्नानंतर माझी नोकरी सुटायची वेळ आली तर तेच माझ्या बाजूने उभे राहिले होते. पण हे तायक्वांदो त्यांच्या गळी उतरलेलं नाही. लेकीला, मैत्रीला, क्लासला सोडायला जायचे, बाकावर बसून कंटाळून एक दिवस मीच रांगेत उभी राहिले. पुढे पोरीने दहावीसाठी सोडलं, मी राहिले. मामाजी नाही म्हणाले नाहीत. पण शेजारच्या शुक्ला भाभींनी विचारलं की शांतपणे सांगतात, बहू योगा जाती है. माझा पांढरा ड्रेस दोरीवर वाळत असला की खुर्ची फिरवून बसतात.
राग येतो. खरं तर राग नाही, वाईट वाटतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी चारचौघांत नाव घ्यावं. मला बाकी काही नको.

५ नोव्हेंबर, बुध. पौर्णिमा
सांगितलं! मामाजी विहारातून आले होते, मी क्लासहून. खीर वाढता वाढता बोलून टाकलं. त्यांचा चमचा थांबला. कोणता भिक्खू, कुठला, कधीचा... मला येत होतं तेवढं सांगितलं. मग म्हणाले, "दाखव बरं."
दोन वर्षांत पहिल्यांदा! टेबल आणि फ्रिजच्या मधल्या जागेत उभी राहिले. मूठ, वर तळहात.
"हे काय? भिक्खूच्या नावानं उभी राहून राहिली अन् मूठ? हात जोड."
जोडले. अशा दिवशी कोण वाद घालतं. चौथ्या हालचालीला कोपर फ्रिजवर आपटलं, तरी मजा आली.

९ नोव्हें., रवि.
सकाळी गच्चीवर जाते तर मामाजी आधीच खुर्ची टाकून बसलेले! खडूने फुली काढली. जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं. मी संपले ती वाळत घातलेल्या बड्यांच्या, म्हणजे सांडग्यांच्या, ताटाजवळ. मामाजी पोट धरून हसले. दर वेळी सुरू करायच्या आधी एकच हुकूम, "हात." की मी हात जोडते.

१४ नोव्हें., शुक्र.
फजिती. क्लासमध्ये तयार राहायची आरोळी झाली आणि माझे हात आपोआप जुळले. वर मानही लवली. मागची पोरं खी-खी. सर हसले नाहीत. का म्हणून विचारलं, मी घरचं सगळं सांगितलं.
"घर में जो करना है करो, दीदी. टेस्ट में हाथ जोड़े तो नंबर कटेगा."
परीक्षक भिलाईचे, फार कडक म्हणे.

२४ नोव्हें., सोम.
सवय मोडत नाही. डोकं मूठ म्हणतं, हात ऐकत नाहीत. बाकी सगळं बसलंय! एका पायावर उभं राहून बाजूला लाथ, तीही. मैत्री म्हणते, "मम्मी, आजोबा को बोल दो ना." कसं बोलू? चूक आहे म्हटलं की खुर्ची खाली नेतील. आता कुठे...

७ डिसें., रवि.
सांगितलं शेवटी. मामाजी, परीक्षेत मूठच लागते, हात जोडले तर मार्क कापतात.
"मंग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"
म्हटलं, तुम्ही यायचे बंद झाले असते म्हणून.
खुर्ची उचलली आणि जिना उतरले. मी सगळा पॅटर्न तसाच सोडून कठड्याला टेकून रडले.

१२ डिसें., शुक्र.
खुर्ची जिन्याखाली. जेवताना नुसतं 'हव' आणि 'नाही'. परवा टेस्ट. हात अजून भरवशाचे नाहीत.

१४ डिसें., रवि. टेस्ट
मामाजी आले! मैत्रीसोबत ऑटोने, विहारात जायचा पांढरा शर्ट घालून. पालकांच्या रांगेत ताठ बसलेले.
नाव पुकारलं. पाय जुळवले. हात निघाले एकमेकांकडे, उघडेच. तेवढ्यात नजर तिकडे गेली. मामाजी खुर्चीत बसून उजवी मूठ तोंडासमोर धरून, तिच्यावर डावा तळहात ठेवून, माझ्याकडे रोखून पाहत होते.
माझीही मूठ वळली.
मग काय झालं ते नीट आठवत नाही, इतकी भरात होते. लाथेच्या वेळी खालचा पाय डुगडुगला. परत आले ती सुरुवातीच्या जागेपासून वीतभर लांब. अर्थ हिंदीत सांगितला, पण 'भिक्षु'ऐवजी तोंडून आपला 'भिक्खू'च निघाला. परीक्षक बराच वेळ लिहीत होते. काय, कोण जाणे. निकाल पुढच्या रविवारी.
मैत्रीने हळूच सांगितलं, आजोबा आठवडाभर तिला विचारत होते, वर कोणता हात, डावा की उजवा.
फाटकापाशी शुक्ला भाभी. सगळे कुठे गेले होते?
"बहू का टेस्ट था," मामाजी म्हणाले.
योगाचा का?
"नहीं. तायक्वांदो."
आणि त्यांना मूठ करून दाखवली. वर डावा तळहात.
मी कुलूप उघडत होते. किल्ली तशीच धरून ऐकत राहिले.

१५ डिसें., सोम.
ऑफिसच्या आधी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले तर खुर्ची वर. मामाजी चहा पीत बसलेले. पास झाली तर पुढचा कोणाचा, म्हणून विचारलं. म्हटलं, एका मोठ्या विद्वानाचा.
"भिक्खू नाही?"
नाही.
चहाचा कप खाली ठेवला.
"पाहू. आधी कालचा करून दाखव. पाय डुगडुगून राहिला होता."