बाईंच्या खडूचा नेम

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज सकाळपासून मी मनात तुमच्याशीच बोलतेय, म्हणून हे लिहायला बसले. भूकंपानंतरची सास्तूरची ती पत्र्याची शाळा आठवते ना? उन्हानं पत्रा तापलाय, तुम्ही पचनसंस्था शिकवताय. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, इथपर्यंत आम्ही मुली घसा फोडून म्हणतोय. पुढचा शब्द आला की सगळ्या वेण्या तोंडात धरून खुसखुसतायत. तुम्ही टेबलावर डस्टर आपटलंत. "जेवताना लाजत न्हाय, मग शेवटाला कशाला लाजता गं? म्हणा, गुदद्वार!" एकेकीला उभं करून म्हणायला लावलंत. माझा आवाज बारीक निघाला, तर मला पुन्हा. पत्र्यापलीकडच्या वर्गातले गुरुजी दचकून डोकावून गेले.

मग लग्न होऊन मी माकणीला आले, आणि तो शब्द कुणी काढलाच नाही. मला रक्त जायला लागलं तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "मूळव्याध हाय. सुरण खा, ताक पी, अन् कुणाला सांगू नगंस." सुरण खाऊन खाऊन जीव विटला. भाकरी थापायची तर एका अंगावर कलून बसायचं. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी काय होतंय विचारलं, तशी मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, हात मागं बांधले आणि खणखणीत सांगितलं, "गुदद्वारातून रक्त जातंय, आत गाठ लागतेय." त्यांनी लगेच तपासलं, गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. कॅन्सर निघाला. शौचाची वाट पोटावर काढतात, जन्मभर पिशवी लावतात, एवढंच मला ऐकून माहीत होतं. परतताना एसटीत मी पदर डोळ्यांना लावून रडले.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर बहुतेक वेळा किरणं आणि औषधांनीच जातो, उरला तरच ऑपरेशन. तिथं एक संशोधन चालू होतं, प्रोटॉन किरणांचं. नेहमीची किरणं अंगातून आरपार जातात. ही ठरवलेल्या खोलीला थांबतात, म्हणून आतड्याला आणि हाडांना मार कमी बसावा. मी फिसकन हसले. डॉक्टर घाबरले. मग मी त्यांना तुम्ही वर्गात फेकून मारायचात तो खडू सांगितला, बडबडणाऱ्या पोरीलाच लागणारा, शेजारणीच्या वेणीलाही धक्का न लावणारा. "बाईंचाही नेम कधी चुकला असेल की," ते म्हणाले. "यानं खरंच फायदा होतो का, तेच आम्ही बघतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार मिळतीलच." मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, कातडी तरी सोलवटलीच, जुलाबही झाले, आणि कोमट पाण्याच्या टबात बसून मी त्या प्रोटॉनच्या नावानं बोटं मोडली.

गाठ हळूहळू विरते म्हणून बरीच वाट बघायला लावली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गाठ नाही; तपासायला मात्र येत राहा. ऑपरेशन नको, पिशवी नको! घरी आले तर ओट्यावर बाया जमलेल्या. "काय झालतं गं तुला?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "गुदद्वाराचा कॅन्सर हुता. गेला! हसताय काय, तुमास्नी न्हाय व्हय ते?" तुम्ही असतात तर त्यांना पहिला नंबर दिला असतात. सगळ्या पोट धरून हसल्या. मग एकजण मागं रेंगाळली आणि तालुक्याच्या डॉक्टरबाई कुठं बसतात ते विचारून गेली.

हे पत्र टाकायचं कुठं, बाई? घडी करून फळीवर ठेवीन. आणि खरं सांगू का, सांगायचं होतं ते केव्हाच सांगून झालंय. पण उघड्या फरशीवर, उशी न घेता, मांडी घालून बसलेय, आणि उठावंसंच वाटत नाही.