उकिरड्यामागची पाच ठोंबं

आत्ती, आज सकाळी चंदगडकडची एक बाई आपल्या हत्तीगवताच्या कांड्या न्यायला आली होती. पोतं भरून दिल्या. "आमच्याकडं पाऊस लई. कुजायच्या न्हाईत न्हवं?" तिनं विचारलं. मी अगदी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, सरीत लावू नका, वरंब्यावर लावा, कांडी तिरकी खोचा, पाणी निघून गेलं पाहिजे. आणि कापायला उशीर करू नका, दांडा जून झाला की म्हैस पानं खाऊन तो तसाच टाकते. "लई हुशार हायसा अक्का," म्हणाली. मी नुसती हसले.

तुमच्या घरी सून होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात ह्या कांड्या मी कुरुंदवाडहून, माहेराहून, एसटीत मांडीवर धरून आणल्या होत्या. तुम्ही गुडघा धरत डोंगरावरून गवताचा भारा आणायचात, ते मला बघवत नव्हतं. तुम्ही दारातच अडवलंत. "गवात काय म्हायेरासनं आणत्यात व्हय? हितं डोंगर भरून हाय की!" मग मी हट्टानं ओढ्याकडच्या पट्टीत, माहेरी लावतात तशा, सरीत कांड्या लावल्या. राधानगरीचा पाऊस मला कुठं ठाऊक होता? आषाढात सगळ्या काळ्या पडून कुजल्या. मी गोठ्यात बसून रडते आहे आणि तुम्ही दारात उभ्या. "गवतासाठी रडतंय व्हय कोण? ऊठ, धारा काढ." फार राग आला होता मला तुमचा.

दिवाळीच्या सुमारास शेणाची पाटी घेऊन गेले, तर उकिरड्यामागच्या उंचवट्यावर पाच ठोंबं माझ्या डोक्याच्या वर गेलेली. मी लावून उरलेल्या कांड्या तुम्ही गुपचूप तिथं खोचल्या होत्या. विचारलं, तर म्हणालात, "टाकवंनात, म्हून खोचल्या." आणि विळा माझ्या हातात दिलात. त्या पाच ठोंबांपासून आपली सगळी पट्टी झाली, मग अर्ध्या गावाचे बांध. भर उन्हाळ्यात म्हशींच्या पुढं हिरवं असतं. शेवटची काही वर्षं तुम्हाला भाऱ्यासाठी डोंगर चढावा लागला नाही, ह्याचा मला आजही केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू.

गाव त्याला 'कुरुंदवाडच्या सुनंचं गवात' म्हणतं. ऐकलं की माझी मान ताठ होते. ती पाच ठोंबं अजून मीच कापते, दुसऱ्या कुणाला विळा लावू देत नाही. पण माझ्या हातची एकही कांडी जगली नव्हती, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज त्या बाईच्या डोक्यावर पोतं चढवताना अगदी ओठावर आलं होतं. तिलाही नाही सांगितलं.