धवल्याचा पहिला शब्द

कामोठे, ता. पनवेल
१२ जानेवारी १९५७

चि. सौ. शकूस बळीरामदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक असे लिहिणार होतो, पण आईविषयी लिहायलाच हवे.

काल तुझी रंभावहिनी विहिरीवर गेली होती म्हणून आई भाकऱ्यांना बसली. मी शाळेतून आलो तर ती तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत होती. फिरवले, पुन्हा फिरवले, पुन्हा फिरवले. भाकरीची पेज झाली तरी हात थांबेना. मी पुरे म्हणालो, तर म्हणाली की मला शिकवू नको, मला काय झालेला नाय.

मीठही ती दोनदा घालते, नाहीतर घालतच नाही. रंभा आता डबा उचलून ठेवते, आणि आई तिच्यावर चोरीचा आळ घेते. तुझ्याशी बोलून मन मोकळे होते म्हणून लिहिले.

तुझा,
बळीरामदादा


चिरनेर
२० जानेवारी १९५७

ती. दादास शकूचा शि. सा. न. वि. वि.

मास्तर झालास तेव्हापासून सगळ्यांचे पेपर तपासतोस, आता आईच्या भाकऱ्याही. मी परवा कालवण जाळले, माझ्यावरही एक पत्र लिही. वहिनीला म्हणावे, मिठाचा डबा जागेवर ठेव. डबे फिरायला लागले की कोणीही गोंधळेल.

आमच्या जनीचे लग्न वैशाखात ठरले. लग्नातले धवले तिची आजीच गाईल, असे मी व्याह्यांना सांगून बसले आहे. आपली आई, कामोठ्याची ठमा धवलारीण, मांडवात बसून गायली तरच लग्न लागले, असे तीन गावे मानतात. मग तिच्या नातीला दुसरी धवलारीण कशाला? मला थोडा राग आला आहे, तो जाईल. माया कमी करू नये.

तुझी,
शकू


कामोठे
३ मार्च १९५७

चि. सौ. शकूस आशीर्वाद.

शेजारच्या काळूरामच्या थोरलीच्या लग्नात आई गायली. मांडवाचा धवला झाला, हळदीचा झाला, आणि पुढचा धरायचा तर ती पुन्हा मांडवावर आली. हळद लागलेली नवरी तशीच बसून राहिली. बायका मान खाली घालून होत्या. दुसऱ्या दिवशी काळूरामची बायको आईला लुगडे-नारळ देऊन गेली, आणि जाताना मला ओट्यावर गाठून म्हणाली की धाकटीला दुसरी कोन बगू, रागावू नका. आईला हे ठाऊक नाही.

जनीच्या लग्नात तुमच्या गावच्या गुणाबाई धवलारणीला आईच्या शेजारी बसव. भर मांडवात आईचे हसे झालेले मला बघवणार नाही. हल्ली मला वाईटही वाटत नाही, नुसता शाळेत जातो आणि येतो. जनीला मामाचे आशीर्वाद.

बळीराम


चिरनेर
१९ मे १९५७

ती. दादास शि. सा. न.

आई एकदाही चुकली नाही म्हणून तू लग्नाहून समाधानाने गेलास. खरे ते आज लिहिते.

ती लग्नाच्या आठ दिवस आधी आली, तेव्हाच एका सकाळी चुलीपुढे पिठाची परात घेऊन तिने मला विचारले की याचा काय करायचा. मी एकेक सांगत गेले, पाणी उकळव, आता पीठ घाल, आता मळ. भाकरी नेहमीसारखी झाली. मग मी गुणाबाईला बोलावलेच नाही. मांडवात तिच्या पाठीशी बसले आणि प्रत्येक धवल्याचा पहिला शब्द तिच्या कानात सांगितला. पुढचे सगळे तिने गायले. नवरीची आई इतका वेळ तिथे का बसली, हे कोणी विचारले नाही.

वहिनीला मी मिठाच्या डब्यावरून बोलले, ते तिने मनात ठेवू नये. चूक माझी होती. आईला मी पावसाळाभर इथेच ठेवते.

काल दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. ती म्हणाली की बाय, तुला धवले चांगले येतात, कोनच्या धवलारनीकडं शिकलीस? मी म्हणाले की कामोठ्याच्या ठमाबाईकडे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की नाव ऐकलेला हाय.

मी तांदूळ निवडत राहिले. लोभ असू द्यावा.

तुझी,
शकू